पाचव्या फ्रेटवर विझणारा स्वर

मघाशी मी या बास गिटारच्या जी-तारेवर एकेक फ्रेट, म्हणजे दांडीवरची धातूची आडवी पट्टी, चढत गेलो, तेव्हा पाचव्या फ्रेटला तुमच्यापैकी काहींनी कान टवकारले. बरोबर ऐकलंत. चौथ्याचा स्वर छान लांबला, आठव्याचाही. पण पाचव्यावर, म्हणजे साधारण १३१ हर्ट्झच्या सी स्वरावर, ठोका उमटला आणि स्वर लगेच बसला. छेडल्यावर स्वर रेंगाळतो, त्याला तंतुवाद्यांसाठी मराठीत ‘आस’ हा फार नेमका शब्द आहे. त्या फ्रेटला आस नाही. बास वाजवणारे त्या जागेला डेड स्पॉट म्हणतात.

या एका जागेनं मला बरीच वर्षं सतावलं. तारा बदलल्या, फ्रेट घासून घेतले, तारेचं कंपन टिपणारा पिकअप वरखाली केला. काही फरक पडला नाही, कारण दोष तारेत नव्हता आणि पिकअपमध्येही नव्हता. तो नेकमध्ये, म्हणजे फ्रेट बसवलेल्या लांब दांडीत होता. पुढे हाच नेक मी दुसऱ्या बॉडीवर बसवला, आणि दोष त्याच्याबरोबर तिकडे गेला. मघाशी वाजवली ती हीच बास.

आपण नेककडे तारा ताणून धरणारी दांडी म्हणून बघतो. ते खरंच आहे. चार तारांचा ताण मिळून ७०-८० किलोंच्या घरात जातो आणि नेक तो रात्रंदिवस पेलतो. पण तीच दांडी एका टोकाला चार स्क्रूंनी जखडलेली आणि दुसऱ्या टोकाला खुंट्यांचं वजन घेऊन मोकळी असते. म्हणजे ती हलू शकते, आणि हलण्याची तिची स्वतःची अशी एक कंपनसंख्या असते. तारेचा स्वर त्या संख्येजवळ आला की नेक तारेबरोबर डोलू लागतो. तारेतली ऊर्जा त्या डोलण्यात जिरते आणि आपल्या हाती फक्त ठोका उरतो. हाच सी डी-तारेच्या दहाव्या फ्रेटवर वाजवून बघा. बऱ्यापैकी टिकतो, कारण ती जागा बॉडीच्या जवळ आहे आणि तिथे नेकला हलायला वाव कमी.

यावरचा एक उपाय म्हणजे लाकडाऐवजी ग्रॅफाइटचा नेक. हे नाव थोडं दिशाभूल करतं. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट मऊ असतं. नेकसाठी वापरतात ते कार्बनचे धागे, इपॉक्सी राळेत बसवून घट्ट केलेले. धाग्यांच्या दिशेनं मोजलं तर हा पदार्थ नेकच्या मेपल लाकडाच्या सुमारे दहापट ताठ असतो, आणि वजनाला त्याच आकारमानात सव्वादोन पटींच्या आसपास. कंपनसंख्या ताठरपणा आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर अवलंबून असते. म्हणजे अगदी सारख्या आकाराच्या दोन पट्ट्या घेतल्या, तर कार्बनची पट्टी लाकडीपेक्षा सप्तकभर वर कंप पावेल. प्रत्यक्षातला नेक असा सरळ हिशेबात बसत नाही. तो कधी आतून पोकळ असतो, धागे वेगवेगळ्या दिशांना घातलेले असतात, वर बोटं टेकतात तो फिंगरबोर्ड वेगळ्याच पदार्थाचा. पण रोख तोच राहतो. डेड स्पॉट मरत नाही, तो वर सरकतो. आणि वरचे फ्रेट बॉडीला इतके लगटून असतात की तिथे त्याला फारसं काही करता येत नाही. ‘ग्रॅफाइटला डेड स्पॉट नसतोच’ असं कोणी सांगितलं, तर प्रत्येक फ्रेट स्वतः वाजवून बघितल्याशिवाय मानू नका.

ही कल्पना अवकाशयानांच्या कामातून आली. कॅलिफोर्नियात त्या क्षेत्रात काम करणाऱ्या जेफ गूल्ड यांना वाटलं की हा पदार्थ बासच्या नेकला शोभेल. १९७७ मध्ये अॅलेम्बिक या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीनं तशी बास प्रदर्शनात मांडली, आणि ती फ्लीटवूड मॅक या रॉक बँडचे बासवादक जॉन मॅकव्ही यांनी घेतली. पुढे गूल्ड यांची मॉड्युलस कंपनी, नेड स्टाइनबर्गर यांची हेडस्टॉक (खुंट्यांचं टोक) नसलेली बास, इंग्लंडमधली स्टेटस कंपनी, अशी ही वाट रुंदावत गेली.

बसवण्याकडे येतो, कारण चुका इथेच होतात. आधी नेक बसतो ती बॉडीतली खोबण मोजा. फेंडर धाटणीच्या चार-तारी बासमध्ये ती सुमारे अडीच इंच रुंद असते, पण ‘सुमारे’वर विसंबू नका. लाकडी नेक अर्धा मिलिमीटर जास्त असला तर घासता येतो. कार्बनचा घासायला गेलात तर धागे कापले जातात. घासायचंच असेल तर बॉडीचं लाकूड घासा. नट (खुंट्यांकडची खाचांची पट्टी) ते ब्रिज (बॉडीवरचा तारांचा टेकू) हे अंतर जुन्याइतकंच, बहुधा ३४ इंच, हवं. नाहीतर फ्रेट सुरात लागणार नाहीत. स्क्रूसाठी नेकमध्ये धातूचे आटे आधीच बसवलेले असतील तर उत्तम. नसतील आणि भोकं पाडावी लागली, तर मास्क लावा आणि बॉडीतले पिकअप व वायरी झाकून ठेवा. ती काळी भुकटी फुप्फुसाला वाईट, आणि तिच्यातून वीजही वाहते.

यानंतरचा प्रश्न ट्रस रॉडचा. लाकडी नेक हवेबरोबर वाकतो, कधी त्याला पीळही पडतो, म्हणून आत सळई घालून तो बाक आवरता येतो. अनेक ग्रॅफाइट नेकमध्ये ही सळई नसते. किंचित बाक साच्यातच दिलेला असतो. दमट हवेत तो ढळत नाही, हा मोठा दिलासा. पण तुम्ही जाड तारा चढवल्यात आणि बाक वेगळा हवासा वाटला, तर काही करता येत नाही. मी सळई असलेलाच नेक निवडला, आणि तुम्हालाही तेच सांगेन. शिवाय नेक स्थिर असला तरी तारा पोलादाच्याच आहेत. दिव्यांच्या उष्णतेनं त्या प्रसरण पावतात आणि सूर उतरतो. ट्यूनर घरी ठेवू नका.

आवाज बदलतो का? बदलतो, आणि हे मनापासून स्वीकारावं लागतं. सगळे स्वर सारख्याच जोराचे होतात. मूळ स्वरात मिसळलेले वरचे अंशस्वर जास्त वेळ रेंगाळतात, त्यामुळे बोटाची घसट आणि तारेची फ्रेटवरची टकटक स्पष्ट ऐकू येते. लाकूड जे स्वतःहून गिळत होतं, ते आता डाव्या हातानं थांबवावं लागतं. पहिले काही आठवडे माझे स्वर एकमेकांत मिसळत होते. स्लॅपला (अंगठ्यानं तार ठोकून वाजवण्याला) आणि लांबणाऱ्या खर्जाला मला ग्रॅफाइट फार आवडतो. पण आखूड, गोलसर, ढोलासारखा ठोका हवा असेल तेव्हा मी आजही हीच लाकडी नेकची बास उचलतो.

नेकवर पैसे घालण्याआधी एक चाचणी करा. आता मी हेडस्टॉकला सुताराची लहान लोखंडी पकड आवळतो, मध्ये कापडाची घडी घालून. वजन वाढलं की नेकची कंपनसंख्या खाली येते. ऐका: पाचवा फ्रेट टिकतोय. आता तिसरा. तिथला स्वर बसला, ऐकलंत? जागा सरकली, म्हणजे आजार नेकचाच. तुमच्या बासवर पकड लावूनही काहीच सरकलं नाही, तर नेक बदलू नका. दोष शोधायला तारा, नट आणि ब्रिजपासून सुरुवात करा.