कोब्याखालची माती

(दृश्य: भरलेला तलाव, काठावर हातोडी)

आवाज ऐका. इथे खणखणीत. दोन पावलं पुढे गेलं की बद्द. वरून दोन्ही जागा सारख्याच दिसतात, पण मिस्त्रींच्या कानाला कळतं की इथे कोबा खालून सुटलाय. तिथे खडूचा गोल.

सोलापुरातला हा जुना पोहण्याचा तलाव. काठाच्या भेगा दर उन्हाळ्यात सिमेंट ओतून बुजवायच्या आणि पावसाळ्यानंतर त्या पुन्हा उघडायच्या, असं किती वर्षं चाललं. त्यात सिमेंटची चूक नव्हती.

(दृश्य: उकरलेला खड्डा)

ही काळी माती. पाणी मिळालं की फुगते, ४० अंशांपलीकडच्या उन्हात आकसते. उन्हाळ्यात रान कसं फाटतं ते सोलापूरकराला सांगायला नको. तीच माती इथे कोब्याखाली आहे. तलावाची भिंत आणि काठ यांच्यातला सांधा उघडा पडलेला, त्यामुळे प्रत्येक उडीचं उसळलेलं पाणी थेट तिच्यात मुरतं.

यावर सुचवला जाणारा सोपा उपाय म्हणजे वरून टाइल्स. टाइल्सनी भेग झाकली जाते, थांबत नाही.

(दृश्य: ग्राइंडर, धूळ)

बुजवायची भेग आधी रुंद करावी लागते. ग्राइंडरने खाच पाडायची, सुटलेलं सगळं काढायचं. इथे सळई उघडी पडली. गंजलेलं लोखंड जास्त जागा मागतं आणि काँक्रीट फोडून ती मिळवतं. म्हणून छन्नी सळईच्या मागेपर्यंत जाते. तारेच्या ब्रशने चमक येईपर्यंत घासायचं, गंजरोधक लेप द्यायचा, त्यावर पॉलिमर मिसळलेली सिमेंटची स्लरी. ती ओली आहे तोवरच माल भरायचा. वाळली तर जुनं-नवं धरत नाही, म्हणून ही सगळी घाई.

तलाव रिकामा केलेला नाही. पावसाने माती ओली असेल तर रिकामं टाकं खालच्या पाण्याच्या दाबाने उचललं जाऊ शकतं. शिवाय उजनीचं पाणी ज्या शहरात रोज येत नाही, तिथे एवढा तलाव पुन्हा भरायचा कुठून?

(दृश्य: थापी, लेव्हल ट्यूब)

उतार बाहेरच्या गटारीकडे, दोन मीटरला चार सेंटिमीटर. वर ओलं गोणपाट. कोरड्या, कडक उन्हात काँक्रीट किमान १० दिवस ओलं ठेवायचं असतं. पाणी मारायचं काम मावशींकडे आहे, आणि गोणपाट कुठेच पांढरं पडलेलं दिसत नाही.

उन्हाळी वर्ग यंदा झाले नाहीत. काही मुलं मळ्यातल्या विहिरींवर गेली.

(दृश्य: सांधा, जवळून)

आता मुख्य काम. या सांध्यात सिमेंट अजिबात नको. आधी फोमची दोरी दाबायची, म्हणजे वरचं सीलंट तळाला चिकटत नाही, फक्त दोन्ही बाजूंना धरतं. मग ते सीलंट, म्हणजे रबरासारखं ताणणारं पॉलीसल्फाइड. माती फुगली, आकसली, तरी ते सोबत हलतं आणि पाणी खाली जाऊ देत नाही.

उन्हाने तेही कडक होतं. दर पावसाळ्याआधी बोटाने दाबून बघायचं आणि बाजू सोडली असेल तेवढं कापून नवं भरायचं. खर्च किरकोळ आहे. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात मात्र रक्कम धरली आहे ती टाइल्सची.