उष्टा पाइप

(मुंबई, मटन स्ट्रीट. शुक्रवारची पहाट. दुकानांची शटर्स बंद. रस्त्यावर अंथरलेली चादर, तिच्यावर टॉर्चचा उजेड.)

चोर बाजारात शुक्रवारी उजाडायच्या आत पोहोचावं. उशीर झाला की हाती लागतात ते कालच घडवून आज जुने झालेले होकायंत्र आणि ग्रामोफोनचे कर्णे. या चादरीवर चष्म्याच्या काड्या आहेत, दहा-बारा कुलपं आहेत, त्यातल्या एकाचीही किल्ली नाही. आणि कुलपांच्या खाली हा पडलाय. काळा, चिकट, तोंडाशी जळलेला, तंबाखू ओढायचा पाइप.

"चांदी है साब," विकणारा म्हणाला आणि त्याने शेंबीवर बोट ठेवलं.

शेंबी म्हणजे दांड्याच्या टोकाला बसवलेली धातूची टोपी. म्हाताऱ्या माणसाच्या काठीला असते तशीच. तिच्यावर तीन बारीक ठसे दिसत होते. खिशात भिंग होतं, पण मी ते काढलं नाही. भिंग बाहेर आलं की भाव चढतो. आठशेवर सौदा ठरला.

(घर. जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र. भिंगातून शेंबी.)

एक तिपानी पान. एक बसलेला कुत्रा. एक उंच गोल बुरूज.

चांदी नाही, हे इथेच कळलं. डब्लिनमध्ये चांदी तपासून जो छाप मारतात, त्यात मुकुट घातलेली वीणा असते, बसलेली हायबर्निया, म्हणजे आयर्लंडचं स्त्रीरूप, असते आणि सालाचं एक अक्षर असतं. पान, कुत्रा आणि बुरूज ही आयर्लंडची चिन्हं खरी, पण शोभेची. धातू निकेल. कारखान्याने याला चांदी म्हटलेलंच नव्हतं. लोभ माझा होता.

आई चहा घेऊन आली, टेबलाकडे पाहिलं आणि कप हातातच धरून उभी राहिली.

"कोणाच्या तोंडचं उचलून आणलंयस हे? उष्टं?"

खरंय की. जुनी घड्याळं, पेनं, कॅमेरे जमवणाऱ्यांना हा प्रश्न कधी पडत नाही. पाइप ही दुसऱ्याने दातात धरलेली वस्तू. मी स्वतः ओढत नाही, तंबाखूची वकिली करायचीही इच्छा नाही. मला या वस्तूचं लाकूड आवडतं आणि तिच्यावर कोरलेली अक्षरं आवडतात. आईला हे सांगून पाहिलं. तिने कप खिडकीत ठेवला, टेबलावर नाही.

(दांड्याची एक बाजू. तिरपा उजेड. धुळीतून हळूहळू अक्षरं उमटतात.)

अक्षरं वाचायची तर दिवा समोर धरून उपयोग नाही. बाजूने, अगदी लाकडाला घासून जाईल असा धरायचा. मग खोलगट भागात सावली साचते. 'पीटरसन्स सिस्टम स्टँडर्ड.' दुसऱ्या बाजूला 'मेड इन द रिपब्लिक ऑफ आयर्लंड', आणि ३१४ हा आकाराचा क्रमांक.

या पाइपवर साल छापलेलं नाही, पण देशाचं नाव आहे आणि आयर्लंडच्या बाबतीत तेवढं पुष्कळ होतं. १९२२ ते १९३७ हा देश 'आयरिश फ्री स्टेट' होता. मग नवी घटना आली आणि तो 'एअरा' झाला. १९४९ मध्ये प्रजासत्ताक झाला. नाव बदललं तसा कारखान्यातला शिक्काही बदलत गेला. म्हणजे हा पाइप १९४९ च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा. त्याहून नेमकं सांगणारा माणूस भेटला तर तो बहुधा पाइप विकायला बसलेला असतो.

चार्ल्स पीटरसन मूळचा लॅटव्हियाचा. डब्लिनला आला आणि ग्राफ्टन स्ट्रीटवरच्या काप बंधूंच्या दुकानात सामील झाला. ते बंधूही मूळचे जर्मन. आयर्लंडचा म्हणून जगभर ओळखला जाणारा पाइप असा दोन परक्या मुलखांतल्या लोकांनी उभा केला. १८९० मध्ये पीटरसनने आपल्या 'सिस्टम'चं पेटंट घेतलं.

(आडवा छेद दाखवणारं रेखाचित्र.)

सिस्टम काय, ते बघा. पाइप ओढताना धूर थंड होतो आणि त्यातलं पाणी सुटतं. साध्या पाइपमध्ये ते पाणी नळीतून थेट जिभेवर येतं, कडू जहर. पीटरसनने दांड्यात, धुराच्या वाटेखाली, एक लहानशी विहीर कोरली. पाणी जड, ते खाली साचतं. धूर हलका, तो वरून निघून जातो. पुढे १८९८ मध्ये त्याने नळीचं टोकही बदललं. भोक समोर न ठेवता वरच्या अंगाला काढलं, म्हणजे धूर जिभेवर न जाता टाळूकडे जातो. कल्पना साधी, पण त्या विहिरीत पन्नास-साठ वर्षांचं कीट साचलं की ते काढताना मात्र पीटरसनला चार शिव्या हासडाव्याशा वाटतात.

(भूमध्य समुद्राचा नकाशा. कॉर्सिका, सार्डिनिया, कॅलाब्रिया.)

लाकूड ब्रायर. इंग्रजीत ब्रायर म्हणजे काटेरी झुडूप, म्हणून याला गुलाबाचं मूळ समजणारे खूप. हे खरं तर फ्रेंच 'ब्रुयेर'चं इंग्रजी तोंडात झालेलं रूप. एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप, भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या टेकड्यांवर वाढणारं. त्याचं खोड आणि मूळ जिथे मिळतं तिथे जमिनीत एक गाठ धरते. तिकडे उन्हाळ्यात वणवे लागतात, वरचं झुडूप जळून जातं आणि त्या गाठीतून पुन्हा कोंब फुटतात. आगीतून जगायची सवय असलेलं हे लाकूड. ते अनेक दशकं वाढू द्यायचं, खणून काढायचं, तासन्‌तास उकळून त्यातला चीक घालवायचा आणि महिनोन्‌महिने सावलीत वाळवायचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्सच्या ज्युरा डोंगरातल्या सेंट-क्लोद गावच्या कातारी लोकांनी या लाकडाचे पाइप करायला घेतले आणि मातीच्या पाइपांचे दिवस भरले.

(टेबल. कापूस, पाइप क्लीनर, इअरबड्स, आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली.)

आता काम. वाटीच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या भागाच्या, आत कोळशाची खरपूड आहे, इतकी जाड की करंगळीही जात नाही. थोडी खरपूड चांगली, ती लाकडाला आगीपासून वाचवते. पण जाड झाली तर घात करते, कारण तापल्यावर कोळसा आणि लाकूड सारख्या प्रमाणात फुगत नाहीत आणि शेवटी वाटीला तडा जातो. म्हणून रीमर, म्हणजे खरपूड खरवडायचं अवजार, हलक्या हाताने फिरवायचा आणि मिलिमीटरभर थर ठेवून थांबायचं.

दांड्यात अल्कोहोलने भिजवलेला पाइप क्लीनर घातला. पहिला डांबरासारखा काळा निघाला. दहावाही काळाच. विहिरीत इअरबड घालून फिरवला. मग वाटीत कापूस गच्च भरला, त्यावर अल्कोहोल सोडलं आणि रात्रभर ठेवून दिलं. सकाळी कापूस कोऱ्या चहाच्या रंगाचा झाला होता. अशा तीन रात्री गेल्या. चौथ्या सकाळी कापूस फिका पिवळा निघाला. आईला दाखवला. "अजून एकदा," ती म्हणाली.

वाटीच्या अंगावर पोचा होता. लाकूड दबलेलं असेल, तुटलेलं नसेल, तर त्यावर ओलं फडकं ठेवून इस्त्रीचं टोक टेकवायचं. वाफ आत शिरते, दबलेले तंतू फुगून वर येतात. हे दर वेळी बघताना मला नवल वाटतं. घरातली एकुलती एक इस्त्री यासाठी वापरण्याबद्दल मात्र वेगळं बोलणं खावं लागतं.

नळी, म्हणजे तोंडात धरायचा भाग, व्हल्कनाइटची. म्हणजे रबर आणि गंधक. ऊन आणि हवा लागली की काळा रंग उतरून शेवाळी तपकिरी होतो. ओल्या पॉलिश पेपरने घासायला लागलं की गंधकाचा वास सुटतो, दिवाळीच्या दुसऱ्या सकाळसारखा. पंधराशे नंबरच्या पेपरपासून सुरुवात, मग बारीक, आणखी बारीक, बारा हजारांपर्यंत. तेव्हा कुठे नळीत खिडकी दिसायला लागते.

(शेल्फ. एक गुळगुळीत, चकचकीत पाइप.)

हा दुसरा पाइप मुद्दाम दाखवतोय. माझा पहिला. ड्रिलला बफ, म्हणजे पॉलिशची मऊ चकती, लावून मी तो तासभर चमकवला. आरशासारखा झाला. आणि दांड्यावरची अक्षरं गेली. कोणी केला, कुठे केला, आता कोणालाच सांगता येणार नाही, आणि पुसणारा मी. तेव्हापासून अक्षरांवर बोट ठेवून आजूबाजूचंच पॉलिश करतो, मग ती बाजू थोडी मंद राहिली तरी चालेल. आरशासारखे पाइप आवडणारे संग्राहक खूप आहेत. मला ते पाइप रंगरंगोटी केलेल्या जुन्या देवळांसारखे वाटतात.

(नळीचं टोक, अगदी जवळून. दोन खळगे.)

उरल्या दातांच्या खुणा. वर एक, खाली एक. दोन्ही डाव्या बाजूला. वाटीची कडही एकाच बाजूने जळलेली आहे, तेव्हा काडी नेहमी त्याच हाताने, त्याच कोनातून येत असावी. व्हल्कनाइटला जुना आकार आठवतो. लायटरची ज्योत खालून झरझर फिरवली की खळगा आपोआप वर येतो. वरचा आला, जवळजवळ पुरता. खालचा अर्धाच आला. तो भरून, घासून सपाट करता येतो. काळा गोंद मिळतो, कोळशाची पूड मिळते. मी सगळं काढून टेबलावर मांडलं होतं.

मग तसंच उचलून ठेवलं.

शेवटी कार्नौबा मेणाचा हात. ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचं हे मेण, फडक्याने चोळलं की लाकडाच्या रेषा पाण्याखालून वर आल्यासारख्या दिसतात. नळी शेंबीत दाबून बसवली. घट्ट बसली.

(खिडकी. दुपार. कठड्यावर पाइप.)

फोटो काढायला तो खिडकीत ठेवला आणि फोन आला म्हणून आत गेलो. परतलो तर खिडकी रिकामी. पाइप टेबलावर होता, स्वच्छ रुमालावर.

"ऊन लागलं की काळा राहत नाही म्हणालास ना," आई म्हणाली. तिने नळीच्या खालच्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि तो त्या खळग्यापाशी थांबला. "हे राहिलंय इथे."

"राहू दे."

तिने पाइप रुमालावर ठेवला आणि हात धुवायला गेली.