नऊ पानांचे आयुष्य

(संख्याशास्त्र विभागातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, सहकारी प्राध्यापक आणि विद्यार्थी मित्रहो,

लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने १९५२ साली सुरू केलेले आणि आपण सगळे 'सीरिज सी' म्हणून ओळखतो ते 'अप्लाइड स्टॅटिस्टिक्स' हे नियतकालिक, त्याचा संशोधनावरील प्रभाव आणि त्यातील प्रकाशनाचे बदलते कल, असा विषय निमंत्रणपत्रिकेवर छापला आहे. मघाशी मी विचारले की या नियतकालिकाचा अंक कोणी हाताळला आहे, तेव्हा चार हात वर आले. 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये के-मीन्स (नोंदींचे गट पाडण्याची रीत) कोणी चालवले आहे, असे विचारताच मागच्या रांगांतील एम.एस्सी.चा सगळा वर्ग हात वर करून बसला. मला जे सांगायचे आहे ते या दोन मोजण्यांच्या मधल्या अंतरात आहे.

आपण 'आर'मध्ये पद्धत न सांगता के-मीन्स चालवतो, तेव्हा संगणक हार्टिगन आणि वाँग यांची रीत वापरतो. ती रीत 'अप्लाइड स्टॅटिस्टिक्स'च्या १९७९ च्या खंडात १०० ते १०८ या नऊ पानांत 'अल्गोरिदम एएस १३६' या क्रमांकाने ('एएस' म्हणजे 'अप्लाइड स्टॅटिस्टिक्स'), फोरट्रान या जुन्या संगणकीय भाषेतील प्रोग्रॅमसह प्रसिद्ध झाली. १९६८ पासून १९९७ पर्यंत या नियतकालिकात असे एक स्वतंत्र सदरच होते आणि त्यात तीनशेहून अधिक अल्गोरिदम छापले गेले. प्रोग्रॅम हासुद्धा विद्वत्तेचा भाग आहे, तो निबंधाइतक्याच काळजीने तपासून छापला पाहिजे, ही भूमिका घरोघरी संगणक नसण्याच्या काळात घेणाऱ्या संपादकांविषयी मला अतिशय आदर वाटतो. प्रसामान्य (नॉर्मल) वितरणाचे शतमान (पर्सेंटाइल) काढताना आपण जे फंक्शन वापरतो, त्यामागे विचुरा यांचा १९८८ चा एएस २४१ आहे. आकडेवारी प्रसामान्य आहे का हे पाहणाऱ्या शापिरो-विल्क कसोटीमागे रॉयस्टन यांचे काम आहे. अपूर्ण बीटा संकलाचा (इनकम्प्लीट बीटा इंटिग्रल) एएस ६३ हा मजुमदार आणि भट्टाचार्जी या दोघांचा, १९७३ चा. विचमन आणि हिल यांचा १९८२ चा यादृच्छिक संख्यांचा एएस १८३ तर एक्सेल २००३ च्या रँड फंक्शनमध्ये जाऊन बसला, म्हणजे संख्याशास्त्राचा गंधही नसलेल्या कितीतरी कचेऱ्यांत तो रोज चालत होता.

आता हा प्रभाव आपण कोणत्या मापाने मोजतो ते पाहा. युजीन गारफिल्ड यांनी उद्धरणांच्या, म्हणजे एका निबंधाचा दुसऱ्यात संदर्भ दिला जातो त्याच्या, सूचीची कल्पना १९५५ साली मांडली, तिच्यातूनच पुढे इम्पॅक्ट फॅक्टर आला आणि १९७५ पासून तो दरवर्षी अहवालरूपाने प्रसिद्ध होऊ लागला. आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना चालू वर्षी मिळालेली उद्धरणे भागिले त्या दोन वर्षांतील निबंधांची संख्या, एवढाच हा हिशेब आहे. १९७९ च्या त्या नऊ पानांची उद्धरणे या हिशेबात फक्त १९८० आणि १९८१ या दोन वर्षांत धरली गेली. त्यानंतरची सगळी, म्हणजे जवळजवळ सगळीच, नियतकालिकाच्या खात्यात आली नाहीत. एएस २४१ ची गोष्ट याहून अवघड आहे, कारण शतमान काढताना विचुरांचे नाव संदर्भात कोणी लिहीतच नाही, मग खिडकी दोन वर्षांची असो वा पन्नास वर्षांची.

या मापाचा त्रास मी जवळून पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात पदोन्नती समितीवर विषयतज्ज्ञ म्हणून मला बोलावले होते. समोर दोन उमेदवार होते. एका बाईंचा एकच निबंध होता, पण तो परदेशातील जुन्या, प्रतिष्ठित नियतकालिकात आलेला होता, परीक्षकांच्या तीन फेऱ्यांतून गेला होता आणि सोबत त्यांनी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅमही होता. दुसऱ्या उमेदवाराचे अकरा निबंध होते आणि त्यांतील बहुतेक पैसे भरल्यावर आठवड्याभरात छापून देणाऱ्या नियतकालिकांत आलेले होते. समितीच्या तक्त्यात इम्पॅक्ट फॅक्टरसाठी एक रकाना होता. अकरा निबंधांच्या नियतकालिकांनी स्वतःविषयी जाहीर केलेले आकडे साडेपाच, सहा, सात असे होते. ते कोणी काढले, हे विचारायला तक्त्यात जागा नव्हती. बाईंच्या नियतकालिकाचा खरा आकडा दीडच्या आतबाहेर होता. मी प्रोग्रॅमविषयी बोलू लागलो, तेव्हा मला सांगण्यात आले की त्यासाठी रकाना नाही. बेरीज झाली, बाई मागे राहिल्या, आणि त्या कागदावर माझीही सही आहे. ती सही मला आजही बोचते. इथेच भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाची आठवण करून द्यायला हवी. युजीसीच्या त्यावेळच्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली १००९ नियतकालिके त्यांनी तपासली आणि त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकषांवर टिकली नाहीत, हे २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये लिहिले. त्या तक्त्यासमोर बसताना हा आकडा माझ्या हाती असता, तर मी निदान भांडलो असतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, म्हणून कलांविषयी थोडक्यात सांगतो. अल्गोरिदमचे सदर १९९७ साली थांबले. ते काम 'आर'च्या पॅकेजांनी आणि १९९६ साली निघालेल्या 'जर्नल ऑफ स्टॅटिस्टिकल सॉफ्टवेअर'ने उचलले. 'सीरिज सी'मध्ये त्यानंतर प्रत्यक्ष प्रश्नातून उभ्या राहिलेल्या प्रतिमानांना (मॉडेलांना) अधिक जागा मिळाली. डिक्सन आणि कोल्स यांचा फुटबॉलच्या गोलसंख्येवरचा १९९७ चा निबंध याच नियतकालिकातला, आणि रिग्बी व स्टासिनोपूलॉस यांचा २००५ चा गॅमलसवरचा (सरासरीसोबत वितरणाचा विस्तार आणि आकारही बदलू देणाऱ्या प्रतिमानांवरचा) निबंध हाही तिथलाच. २०२३ पासून सोसायटीची नियतकालिके ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस प्रकाशित करते.

क्रमवारीविषयी एकच मुद्दा. व्हारिन, कत्तेलान आणि फर्थ यांनी २०१६ साली सोसायटीच्याच 'सीरिज ए' या नियतकालिकामध्ये संख्याशास्त्राच्या ४७ नियतकालिकांमधील परस्पर उद्धरणांचे प्रतिमान मांडले आणि क्रमवारीसोबत तिची अनिश्चितताही दाखवली. अनिश्चितता धरली की शेजारशेजारच्या अनेक क्रमांकांतला फरक ठामपणे सांगता येत नाही. अंदाजासोबत प्रमाण त्रुटी लिहिली नाही तर आपण विद्यार्थ्याचे गुण कापतो. पदोन्नतीच्या तक्त्यात मात्र इम्पॅक्ट फॅक्टर दशांशासह, त्रुटीशिवाय, मान्य करतो. हे थांबवणे आपल्याच विषयाच्या लोकांचे काम आहे.

गॅमलसकडे पुन्हा येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली बालकांच्या वाढीची मानके प्रसिद्ध केली, ती याच कुळातील पद्धतीने आणि याच सॉफ्टवेअरने तयार केलेली आहेत. आपल्या अंगणवाडीतील सेविका बाळाला काट्यावर ठेवून तक्त्यावर ठिपका देतात, तेव्हा तो हिरव्या पट्ट्यात पडतो की पिवळ्या, हे ठरवणाऱ्या रेषा त्या मानकांतून आलेल्या आहेत. असा एकही ठिपका उद्धरण म्हणून कुठे नोंदला जात नाही.

विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. पुढच्या महिन्यात तुमचे प्रकल्प अहवाल जमा होतील. वापरलेल्या प्रत्येक फंक्शनचे मदतपान उघडा, तळाशी असलेले संदर्भ वाचा आणि ज्यांची रीत वापरली त्यांचे नाव, वर्ष आणि अल्गोरिदमचा क्रमांक अहवालात लिहा. एएस १३६ च्या नऊ पानांच्या काही प्रती मी आणल्या आहेत; त्या बाहेर नोंदवहीच्या टेबलावर ठेवल्या आहेत.