तीन बोटं आणि वैद्याचा श्वास

श्रोतेहो, नमस्कार.

चिनी वैद्य नाडी कशी पाहतात, ते आज सांगणार आहे. ऐकता ऐकता तुम्हीही करून बघा. उजवा हात डाव्या मनगटाखालून घ्या. अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या किंचित वर हाडाचा एक उंचवटा हाताला लागेल. त्याला लागून आतल्या बाजूला मधलं बोट टेकवा. तर्जनी तळहाताकडे येईल, अनामिका कोपराकडे. या तीन जागांची चिनी नावं त्सुन, ग्वान आणि छृ. डाव्या मनगटावर त्या हृदय, यकृत आणि मूत्रपिंडाच्या मानतात, तर उजव्या मनगटावर फुफ्फुस, प्लीहा आणि पुन्हा मूत्रपिंडाच्या. प्रत्येक जागी आधी हलका स्पर्श, मग मध्यम दाब, मग हाडापर्यंत खोल. म्हणजे एका हातावर नऊ वेळा लक्ष द्यायचं.

वेग मोजायला जुन्या वैद्याकडे घड्याळ नव्हतं. तो स्वतःच्या श्वासावर मोजायचा. त्याचा एक श्वास आत जाऊन बाहेर येईपर्यंत रोग्याच्या नाडीचे चार-पाच ठोके पडले तर नाडी ठीक. तीन किंवा कमी पडले तर मंद, सहा किंवा जास्त पडले तर जलद. म्हणूनच वैद्य स्वतः निरोगी हवा आणि त्याचा श्वास संथ हवा, असं प्राचीन ग्रंथ बजावतात. दम लागलेला वैद्य चांगल्या माणसालाही आजारी ठरवेल! मला या विद्येतली ही गोष्ट फार मोलाची वाटते. रोग्याला हात लावण्याआधी वैद्याने स्वतः शांत व्हायचं असतं.

वेग ही मात्र नुसती सुरुवात. तिसऱ्या शतकात वांग शुहे या चिनी वैद्यांनी नाडीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि नाडीचे 24 प्रकार सांगितले. पुढे 1564 मध्ये ली शिझेन यांनी 27 प्रकार पद्यात बांधले, विद्यार्थ्यांना पाठ करता यावेत म्हणून. बोटाखालून ताटातल्या मोत्यांसारखी घरंगळते ती निसरडी नाडी. गरोदर बाईची नाडी बहुधा अशी लागते, असं ते मानतात. सुरीने बांबू खरवडावा तशी अडखळते ती खरखरीत. वाद्याच्या तारेसारखी ताणलेली नाडी वसंतात थोडीफार चालते, एरवी वैद्य सावध होतो.

आपल्याकडचे वैद्यही मनगटावर तीनच बोटं ठेवतात, पण ती वात, पित्त आणि कफ यांच्यासाठी. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात वाताची नाडी सापासारखी, पित्ताची बेडकासारखी आणि कफाची हंसासारखी चालते, असं वर्णन आहे. ज्यांच्या घरी वैद्यकी होती, त्यांना हे लहानपणापासून ठाऊक असेल.

मग यावर किती विसंबायचं? एकाच रोग्याची नाडी दोन वैद्यांनी पाहिली, तर दोघांचं मत जुळेलच असं नाही. आधुनिक तपासण्यांत हे दिसलं आहे. खुद्द वांग शुहे यांनीही लिहून ठेवलंय की, ही विद्या मनाला सहज कळते, पण बोटाखाली ओळखणं कठीण. शिवाय चिनी परंपरेत नाडी एकटी नसते. आधी रोग्याला न्याहाळायचं, त्याची जीभ पाहायची, आवाज ऐकायचा, वास घ्यायचा, विचारपूस करायची आणि शेवटी नाडी. तेव्हा कुणी तुम्हाला एक शब्दही न विचारता केवळ मनगट धरून कर्करोग किंवा मधुमेह सांगत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. छातीत दुखत असेल तर थेट रुग्णालय गाठा, ईसीजी काढा. साखरेचा संशय असेल तर रक्त तपासा.

आणि तरीही नाडी दाखवायची असेल, तर सकाळी, काही खाण्याआधी जा. जिना चढून आल्या आल्या हात पुढे करू नका. थोडं बसा, श्वास खाली बसू द्या. कुठली औषधं चालू आहेत तेही सांगा, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडीचा वेग कमी होतो.

नमस्कार.