फडातली ओवी

[दृश्य: कोयते, भांडीकुंडी, पोरंबाळं भरलेला ट्रक घाट उतरतो.]

दिवाळी सरली की ऊसतोडीसाठी बीडचे धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार हे तालुके ओस पडायला लागतात. मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, आगाऊ उचल आधीच खर्ची पडलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी पार बेळगावकडे. तिथं पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याची, कोपी आणि भल्या पहाटेपासून उसाचा फड.

या सामानात जातं नसतं. जात्यावरची ओवी असते.

[दृश्य: एकाच खुंट्यावर दोघींचे हात.]

ओवी जागच्या जागी जुळवायची. एक हात खुंट्याला, दुसरा घास टाकायला; जातं फिरता फिरता पुढची ओळ सुचली पाहिजे. नाहीच सुचली तर 'बाई', 'सांगते तुला' घालून फेरा भरून काढायचा, यमक गाठायचं. समोरचीनं ते उचलायचं. चाल ठरलेली, सुरुवातही बहुतेक ठरलेली. गावाचं, भावाचं, लेकाचं नाव मात्र जिचं तिनं घालायचं. ख्यालगायक बंदिशीभोवती करतो तेच हे. पीठ पडतं म्हणून त्याला मैफल म्हणत नाहीत, एवढंच.

समजा, फडात एखादी म्हणेल:

ऊस तोडिते बाई मी, परमुलखाच्या रानात
बालाघाटाचा डोंगर, माझ्या बसला मनात

मुळात ओवी घर सोडलेल्या बाईचीच. लग्न झालं की लेक परगावची. माहेर तिला गाण्यातच राखावं लागतं. गंगाखेडची जनाबाईसुद्धा लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी गेली, आणि जात्याशी तिचं नाव जोडलं गेलं ते कायमचं.

[दृश्य: बीड जिल्ह्यातलं माजलगाव, भीमनगर.]

हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हाँ या समाज-अभ्यासकांच्या गटानं गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या जमवल्या. १९९६ साली इथं, भीमनगरात, ध्वनिमुद्रण झालं. इथल्या बाया बाबासाहेबांवर गायल्या. जिथं एरवी पंढरीचा विठ्ठल यायचा, तिथं भीमराव आले. चालीला धक्का लागला नाही. गाणारीनं आपण कोण ते मात्र नव्यानं सांगितलं.

[दृश्य: हळदीचा मांडव.]

आता दळण गिरणीत. जातं निघतं ते हळद दळायला. म्हाताऱ्या गातात, सुना मोबाइलवर रेकॉर्ड करतात. करा की. पण एकदा सुनेच्या हाती खुंटा द्या, आणि तिला सुचेल ते म्हणू द्या. त्यात मुकादमाचं नाव आलं तरी चालेल.