माऊची आकडी आणि माऊची ताटली

नमस्कार श्रोतेहो.

मांजराला आकडी येते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? चार वर्षांपूर्वीपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. माझ्या घरच्याच मांजरीला ती आली, त्यातून जे शिकले ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

आमचं घर रत्नागिरीत, मिरकरवाडा बंदराच्या जवळ. चिमी तेव्हा तीन वर्षांची होती. एका संध्याकाळी ओटीवर बसली होती आणि तिच्या तोंडाची एकच बाजू थरथरायला लागली. डावी पापणी, डाव्या मिशा, ओठाचा कोपरा, सगळं एका तालात उडत होतं. तोंडातून लाळ गळत होती. मी हाक मारली तर कानसुद्धा हलला नाही. अर्ध्या मिनिटात ते थांबलं. मग ती उठली, झोकांड्या खात अंगणात गेली आणि तुळशीवृंदावनावर आपटली. मला वाटलं, काहीतरी चावलं असेल. चार दिवसांनी पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या वेळी मात्र माझ्या पोटात गोळा आला, कारण थरथर थांबल्यावरही तिची मान वर येईना. हनुवटी छातीला टेकलेली, आणि भर उन्हात डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या.

डॉक्टरांनी तिला टेबलावर ठेवली, मानेखाली बोट घालून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हिला खायला काय घालता?"

मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "ताजी मासळी. रोज." आमची कोळीण तारल्या-बांगडे साफ करताना मुंडकी आणि आतडी चिमीसाठी बाजूला ठेवायची. कच्चीच. गेले दोन-तीन महिने चिमी दुसऱ्या कशाला तोंडच लावत नव्हती. मला वाटायचं, मांजराला याहून चांगलं काय असणार!

श्रोतेहो, घोळ नेमका तिथेच होता. तारली, बांगडा, तिसऱ्या अशा बऱ्याच कच्च्या मासळीत थायमिनेज नावाचं एक द्रव्य असतं. ते बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, मोडून टाकतं. माशाच्या पोटातल्या भागात ते जास्त असतं, आणि आपण मांजराला नेमकं तेच घालतो. मेंदूच्या पेशींना साखरेतून ताकद काढायला थायमिन लागतं. मांजराची ही गरज कुत्र्यापेक्षा कितीतरी मोठी, आणि शरीरात साठा फार थोडा. त्यामुळे काही आठवड्यांतच तुटवडा पडतो. आधी भूक मंदावते, मग तोल जातो, मान खाली झुकते आणि आकडी येते. आणखी एक गोष्ट मला तेव्हाच कळली. चांगल्या खाण्यात कच्चा मासा कालवला, तर तो त्या खाण्यातलंही थायमिन खाऊन टाकतो.

डॉक्टरांनी थायमिनची इंजेक्शनं सुरू केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिमीने मान उचलून माझ्याकडे पाहिलं. आठवड्याभरात ती सरळ चालायला लागली. आकडी पुन्हा आलेली नाही.

आता यावरून कुणी असं समजू नका, की खाणं बदललं की प्रत्येक मांजराची आकडी जाते. आमच्या शेजारच्या वहिनींचा बोका सोन्या पहिल्यापासून चांगलं, पुरतं खाणं खातो. तरी त्याला फीट येते. रक्त तपासलं, साखर, कॅल्शियम, लिव्हर सगळं पाहिलं, काही सापडलं नाही. त्याला दिवसातून दोनदा फेनोबार्बिटलची गोळी चालू आहे आणि तो छान आहे. त्या गोळीची जागा कुठलंच खाणं घेऊ शकत नाही. ती एकदम बंद केली तर जोराचे झटके येऊ शकतात. मात्र गोळीने भूक वाढते, म्हणून वहिनी त्याचं खाणं वाटीने मोजून देतात आणि महिन्यातून एकदा त्याला पिशवीत घालून वजनकाट्याला लटकवतात.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, की आकडी हलकी असली तरी डॉक्टरांकडे जा, आणि जाताना ताटलीत रोज काय पडतं त्याचा खरा हिशेब घेऊन जा. पिलांच्या पोटात अन्न नसलं की साखर उतरून झटके येतात. मधुमेहाच्या मांजराने खाल्लं नाही आणि इन्सुलिन मात्र टोचलं गेलं, तरी तेच होतं. पिलांना पाजणाऱ्या मांजरीच्या अंगातलं कॅल्शियम घटलं की ती थरथरते. आणि जेवल्यानंतर तासा-दोन तासांनी मांजर लाळ गाळत भिंतीकडे बघत उभं राहात असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. लिव्हरच्या रक्तवाहिनीत जन्मजात दोष असला की असं होतं, आणि तिथे खाण्यातली प्रथिनं डॉक्टरच ठरवून देतात.

आपल्याकडे मांजर म्हटलं की दूध-पोळी. प्रेमाने घालतात, मी समजू शकते. पण मांजर हा पक्का मांसाहारी जीव आहे. त्याला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, आणि ते मांस-मासळीतच मिळतं. ते कमी पडलं तर डोळे जातात, हृदय फुगून दुबळं होतं, आणि अशा हृदयाने मांजर घेरी येऊन पडलं की घरच्यांना ती फीटच वाटते. बरं, नुसतं उकडलेलं चिकन घालावं, तर त्यात कॅल्शियम जवळजवळ नाही. घरचंच खाणं घालायचं असेल तर काय काय वरून मिसळायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. विकतचं आणाल तर पाकिटावर 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' असं आहे का ते वाचा. माशाचे पुष्कळसे डबे म्हणजे नुसता वरचा खाऊ असतो, त्यांच्यावर मांजराचं पोषण होत नाही.

हल्ली आकडीवर खोबरेल तेल घाला, असंही सांगतात. नारळाच्या तेलातल्या काही चरबींचा उपयोग होतो का, यावर कुत्र्यांमध्ये चांगला अभ्यास झाला आहे. मांजरांत तसा पुरावा नाही. वर तेल घातल्याने मांजर खाणंच सोडू शकतं. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या मांजराच्या लिव्हरमध्ये चरबी साठते आणि जिवावर बेतू शकतं. खाणं बदलतानाही हेच ध्यानात ठेवा. 'भूक लागली की खाईल' हा हट्ट मांजरापाशी करू नका. चिमीला नवं खाणं मी पहिल्या दिवशी चहाचा एक चमचा दिलं, वर उकडलेल्या माशाचं कोमट पाणी. पूर्ण बदलायला आम्हाला बारा दिवस लागले.

आणि खाण्याशी संबंध नसलेली, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही अशी एक गोष्ट. कुत्र्याच्या मानेवर गोचिडांसाठी टाकतात ते पर्मेथ्रिनचं औषध मांजरावर कधीही टाकू नका. त्याने भयंकर आकडी येते. कापूर आणि निलगिरीचं तेलही त्यांच्यापासून लांब ठेवा.

प्रत्यक्ष आकडी आली तर? कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका. ओटीवर, खिडकीत असेल तर खाली पडणार नाही एवढं बघा. दिवा आणि टीव्ही बंद करा. घड्याळ बघा आणि फोनवर चित्रण करा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. 5 मिनिटांच्या वर गेली, किंवा 24 तासांत दुसऱ्यांदा आली, तर रात्र असो की पाऊस, तसेच निघा.

आमची कोळीण अजूनही चिमीचा वाटा बाजूला ठेवते. आता त्यात आतडी नसतात, फक्त दोन तारल्या, त्याही आठवड्यातून एकदाच. मी त्या चांगल्या उकळते, गार करते, काटे काढते. तोवर चिमी चुलीपाशी बसून असते, मान वर करून.

नमस्कार.