मागे कोणीतरी उभं आहे

(दृश्य: फ्लोरिडातलं मॅजिक किंगडम. सकाळ. मेन स्ट्रीटवर सगळी गर्दी एकाच दिशेने चालली आहे.)

थीम पार्कच्या गर्दीत फोटो काढताना मागच्याला त्रास होऊ नये म्हणून काय करावं, त्याबद्दल हे. सुरुवात डिस्नेच्या पार्कापासून. ऑरलँडोजवळचं मॅजिक किंगडम 1 ऑक्टोबर 1971 रोजी सुरू झालं. आत शिरलं की समोर मेन स्ट्रीट हा एकच सरळ रस्ता, आणि त्याच्या टोकाला 189 फूट, म्हणजे जवळजवळ 58 मीटर उंच सिंड्रेला कॅसल. रस्त्याची आखणीच अशी की आत येणाऱ्याची नजर दुसरीकडे जाऊ नये. त्यामुळे माणसं एकाच ठिकाणी थबकतात, एकाच वेळी फोन काढतात, आणि मागून येणारी बाबागाडी समोरच्याच्या घोट्यावर आदळते. भांडणाची पहिली ठिणगी बहुतेक वेळा इथेच पडते, एकही राईड न घेता.

थांबण्यापूर्वी बाजूला सरकावं, एवढं सगळ्यांना कळतं. अडचण पुढे येते. फोटो काढणारा एकीकडे उभा राहतो, घरची मंडळी दहा-बारा पावलं दूर जाऊन रांगेत उभी राहतात, आणि या दोघांमधला सगळा रस्ता बंद होतो. लोक अदबीने थांबतात, मग कंटाळतात, मग मधूनच निघून जातात. फोटोत अनोळखी खांदे येतात, म्हणून पुन्हा एक फोटो, पुन्हा एक.

यावर उपाय आहे, आणि त्याने फोटोही सुधारतो. माणसांना कॅसलजवळ पाठवू नका. त्यांना फोनपासून दोन मीटरवर उभं करा. फोनचा मुख्य कॅमेरा, म्हणजे 'वन एक्स', उभा धरला की दोन मीटरवर साधारण दोन मीटर रुंदीची चौकट मिळते. चार माणसं खांद्याला खांदा लावून तिच्यात सहज मावतात. फोन छातीच्या खाली, कंबरेच्या जरा वर धरा. मागची गर्दी आपल्याच माणसांच्या आड जाते. कॅसलपासून अंतर 90 मीटरच्या आसपास असेल, तर फोन वर न वाकवताही कळसापर्यंतचा मनोरा चौकटीत बसतो. थोडक्यात, मागे मेन स्ट्रीटकडे सरका. तिथे दोन्ही कडेला जागाही जास्त असते.

उजेडासाठी घाई करण्याचं तर कारणच नाही. कॅसलचं तोंड दक्षिणेकडे आहे. हिवाळ्यात त्याच्यावर जवळजवळ दिवसभर ऊन असतं.

पार्कचे फोटोग्राफर ठिकठिकाणी उभे असतात. विनंती केली तर ते तुमच्या फोनवरही फोटो काढून देतात, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. मात्र रांग लावायची. त्यांनी दुसऱ्या कुटुंबाला उभं केलं असताना त्यांच्या खांद्यावरून आपला फोन घुसवायचा नाही. मुलांना दोन कॅमेरे दिसले की ती कोणत्याच कॅमेऱ्याकडे नीट पाहत नाहीत, आणि रांगेत तासभर काढलेल्या कुटुंबाचा फोटो बिघडतो.

(दृश्य: संध्याकाळ. कॅसलसमोरचं गोल मैदान. जमिनीवर चिकटपट्टीने आखलेल्या वाटा, हातात दिव्याच्या कांड्या घेतलेले कर्मचारी.)

आता खरा प्रश्न, आतषबाजीचा. 'हॅपिली एव्हर आफ्टर' हा इथला कार्यक्रम सुमारे 18 मिनिटांचा. त्यातला निम्मा खेळ आकाशात होतो आणि निम्मा कॅसलच्या भिंतींवर, कारण प्रोजेक्टरने चित्रं त्या भिंतींवरच उमटवली जातात. आकाशातलं फूल मागच्या रांगेलाही दिसतं. भिंतीवरचं चित्र मात्र नेमकं त्याच उंचीवर असतं, जिथे पुढच्याने हात ताणून धरलेला फोन येतो.

गर्दीला उंच माणसाचा त्रास होत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. सहा फुटी माणूस समोर आला, तर मागची बाई अर्धा तास आधीच एक पाऊल डावीकडे सरकते. तिच्या मागचा मुलगा आणखी थोडा सरकतो. अशी ही सगळी गर्दी हळूहळू एकमेकांच्या मापाने बसत जाते. पहिला बार उडाल्यावर मात्र कोणालाच हलायला जागा उरत नाही. त्या क्षणी कोणी मुलाला खांद्यावर घेतलं, कोणी टॅब डोक्यावर धरला, कोणी बसलेला उठून उभा राहिला, तर मागच्याला करता येण्यासारखं काही राहत नाही. म्हणून नियम एकच धरावा: कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी जी उंची, तीच शेवटपर्यंत. मुलाला खांद्यावर घ्यायचंच असेल, तर दिवे मालवण्याआधी घ्या आणि तसेच उभे राहा, म्हणजे मागच्यांना जागा बदलता येईल. किंवा सरळ शेवटच्या रांगेत, दुकानांच्या भिंतीला पाठ लावून उभे राहा. चार वर्षांचं मूल खांद्यावर बसलं की तुमची उंची साधारण फूटभराने वाढते. कडेवर घेतलं, तर त्याचं डोकं तुमच्या डोक्याच्या बरोबरीने राहतं आणि त्यालाही बरंच दिसतं.

फोन धरायची जागा डोळ्यांसमोर किंवा हनुवटीखाली, कोपरं बरगड्यांना टेकलेली. याने हातही स्थिर राहतो. पडद्याचा उजेड अगदी कमी करा. अंधारात सरावलेल्या डोळ्यांना समोरचा एकच झगझगीत पडदा कॅसलपेक्षा जास्त उठून दिसतो. फ्लॅश बंद. फोनचा दिवा दोन-तीन मीटरपर्यंत काम करतो, त्यापुढे अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. शेकडो मीटरवरच्या बाणाला त्याचा काय उपयोग? उजळतात ती फक्त पुढच्यांची डोकी, आणि फोटोत तीच येतात.

आतषबाजी पांढरीफटक येते, कारण फोन काळं आकाश पाहून उजेड वाढवतो. कॅसलवर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथे बांधला जाईल. मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. सगळी 18 मिनिटं टिपायचा अट्टहास सोडला, तर काहीच बिघडत नाही. सुरुवातीचे 30 सेकंद, मधला एखादा प्रसंग आणि शेवटचा धडाका, एवढं पुरतं. बाकीचा वेळ फोन खिशात गेला की आपल्यालाही कार्यक्रम दिसतो आणि मागच्यालाही.

आपल्याकडच्या मोठ्या कुटुंबांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दोन माणसांनी दहा जणांची जागा धरून ठेवणं इथे चालत नाही. शेवटच्या पाच मिनिटांत पिशव्या, मुलं आणि आजी-आजोबा घेऊन 'आमची माणसं पुढे आहेत' म्हणत घुसणं, हा तासभर आधी येऊन उभ्या राहिलेल्यांवर अन्याय आहे. सगळे आधी एकत्र या, नाहीतर जिथे दोघं आहेत तिथे दोघंच राहू देत आणि बाकीच्यांनी मागे उभं राहावं. आखलेल्या वाटेत तर अजिबात थांबू नये. ती मोकळी दिसते, कारण एखाद्याला चक्कर आली तर व्हीलचेअर तिथूनच न्यायची असते.

टोकियो डिस्नेलँडने, जे 15 एप्रिल 1983 रोजी सुरू झालं, हाच विचार नियमांत बसवला आहे. परेडच्या वाटेलगतच्या पुढच्या रांगांनी बसून पाहायचं, उभं राहायचं ते मागच्यांनी. बसायला प्लॅस्टिकची पातळ चटई अंथरता येते, पण परेडच्या एक तास आधीपासूनच, त्याआधी नाही. सेल्फी स्टिक, ट्रायपॉड आणि एका पायाचा स्टँड, तिन्हींना मनाई. नेहमी येणारे प्रेक्षक मिकीच्या कानांचा हेअरबँडसुद्धा काढून मांडीवर ठेवतात. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोडवर पुढची मुलं फुटपाथच्या कडेला बसली की मागच्या चार रांगांना गणपती दिसतो, तसंच हे. फरक इतकाच की टोकियोत कोणाला 'बस' म्हणून ओरडावं लागत नाही.

(दृश्य: काळोखी राईड. बोटीच्या आकाराचा डबा, खाली लुकलुकणारं छोटं शहर.)

काळोखातल्या राईडमध्ये फ्लॅशला बंदी असते. कारण समजलं, तर तो नियम आपोआप पाळला जातो.

'पीटर पॅन्स फ्लाइट'सारख्या राईडमध्ये रंग अतिनील दिव्यांखाली चमकतात. दिवे स्वतः जवळजवळ दिसत नाहीत, दिसतो तो फक्त रंग. फ्लॅश पडला की पांढऱ्या उजेडात लाकूड, तारा आणि भिंतीचा काळा रंग उघडा पडतो. 'हॉन्टेड मॅन्शन'च्या नृत्यदालनातली भुतं तर काचेतली प्रतिबिंबं आहेत. 19व्या शतकातल्या रंगभूमीवरची ही युक्ती: प्रेक्षकांसमोर मोठी काच, आणि नजरेआड उजेडात ठेवलेली आकृती काचेत धूसर दिसते. तिथे फ्लॅश मारला, तर काच तो तुमच्याकडेच परत पाठवते. फोटोत भूत येत नाही, येतो पांढरा ठिपका. शिवाय अंधाराला डोळे पूर्ण सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात. राईड त्याच्या आतच संपते, म्हणजे मागच्या डब्यातल्यांची उरलेली राईड वाया गेली.

फ्लॅश बंद केला तरी दोन गोष्टी विसरल्या जातात. मोठ्या कॅमेऱ्यांना फोकससाठी पेटणारा नारिंगी किंवा हिरवा छोटा दिवा असतो, तो मेनूतून वेगळा बंद करावा लागतो. आणि फोटो काढल्यावर तो पाहण्यासाठी उजळणारा पडदा. फोनचा नाइट मोड इथे कुचकामी, कारण तो एक ते तीन सेकंद उघडा राहतो आणि डबा हलत असतो. त्यापेक्षा साधा व्हिडिओ घ्या आणि नंतर त्यातलं एखादं चित्र काढून घ्या.

वेगवान राईडवर फोन बाहेर काढणं हा शिष्टाचाराचा प्रश्नच नाही. जून 2015 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्ने पार्कात एका प्रवाशाने धावत्या रोलर कोस्टरवर सेल्फी स्टिक काढली. राईड थांबवावी लागली आणि ती तासभर बंद राहिली. त्याच महिनाअखेरीस डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांत सेल्फी स्टिकवर बंदी आली. ती आजही आहे, दांडी कितीही छोटी असली तरी. बॅगेत मावणारा छोटा ट्रायपॉड मात्र चालतो.

मिकीसारख्या वेशधारी पात्रांना भेटताना एकेका कुटुंबाला मिनिटभर मिळतं. आपली पाळी यायच्या दोन कुटुंबं आधी कॅमेरा सुरू करा, सहीची वही कोऱ्या पानावर उघडा, आणि पेन जाड घ्या. मोठ्या हातमोज्यात बारीक पेन धरता येत नाही. मुखवटा असलेल्या पात्राला बाजूचं फारसं दिसत नाही, म्हणून मुलाला समोरून पाठवा. मागून शेपूट ओढू देऊ नका.

कोणी आडवं आलंच तर? एकदाच, कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी, आणि माणसाबद्दल नव्हे तर फोनबद्दल बोला. 'दादा, फोन जरा खाली धरता का? मागे मुलं आहेत.' बहुतेकांना मागे कोणी आहे हे खरोखरच लक्षात आलेलं नसतं. ऐकलं नाही, तर कर्मचाऱ्याला सांगा. स्वतः दुसऱ्यांदा सांगायला जाऊ नका, कारण दुसऱ्यांदा आवाज चढतोच.

(दृश्य: खोपोलीजवळचं वॉटर पार्क. लाटांचा तलाव. कॅमेरा फक्त पाण्यावर.)

महाराष्ट्रात हा विषय वॉटर पार्कमध्ये जास्त गंभीर होतो. खोपोलीचं इमॅजिका, लोणावळा आणि शिर्डीचं वेट एन जॉय: सुट्टीत इथे सगळीकडे भिजलेल्या कपड्यांतली अनोळखी माणसं आणि प्लॅस्टिकच्या पाऊचमधले फोन. रेन डान्सचा व्हिडिओ आपल्या मित्रांचा म्हणून घेतला जातो आणि मागे नाचणारी मुलगी संध्याकाळपर्यंत शंभर अनोळखी फोनवर पोचते. तिने यातल्या कशालाही होकार दिलेला नसतो.

म्हणून इथे पाठीमागची बाजू आधी निवडा. आपली माणसं भिंतीकडे, झाडांकडे किंवा रिकाम्या घसरगुंडीकडे पाठ करून उभी करा. तलावाच्या काठावरून झूम नको. रीळ टाकण्यापूर्वी कडेच्या चेहऱ्यांकडे बघा आणि चौकट कापा. दुसऱ्याची मुलं स्पष्ट ओळखू येत असतील, तर तो व्हिडिओ टाकूच नका. कोणी 'आमचा फोटो आलाय का' असं विचारलं, तर वाद न घालता फोन दाखवा आणि त्यांच्यासमोर तो पुसा, डिलीटेड फोल्डरमधूनही.

कपडे बदलायच्या खोलीत फोन हातातही नको. तिथे स्त्रीचं चोरून चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी किमान एक वर्ष आणि तीन वर्षांपर्यंत कैद. असं कोणी करताना दिसलं, तर फोन हिसकावू नका. झटापटीत पुरावा नष्ट होतो आणि तक्रार उलटी तुमच्यावरच येऊ शकते. त्या माणसाचे कपडे आणि वेळ लक्षात ठेवा, जवळच्या जीवरक्षकाला किंवा महिला सुरक्षारक्षकाला बोलवा, त्या माणसाला व्यवस्थापकाच्या खोलीपर्यंत नेऊ द्या, आणि तिथून 112 वर फोन करा. पार्कचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं, ही मागणी त्याच दिवशी लेखी द्या, आणि त्याची पोच घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नका.